तोंडावरून वारं गेलं तर

थंड फरशीवर झोपू नकोस, तोंड फिरेल. कोरियातल्या आज्या नातवंडांना हे आजही बजावतात. उघड्यावर, बोचऱ्या गारठ्यात झोपलेल्या माणसाचं तोंड सकाळी एका बाजूला ओढलेलं असतं, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आपल्याकडे रात्रभर एस.टी.च्या खिडकीशी बसून आलेल्या माणसाच्या बाबतीत हेच बोललं जातं. गार वारा लागला, तोंडावरून वारं गेलं. चरकसंहितेत या विकाराला अर्दित म्हटलं आहे आणि त्याची जागा वातव्याधींत आहे. कोरियाच्या जुन्या वैद्यकात त्याचं नाव गुआनवासा, आणि तिथेही तो 'वारा' या प्रकरणातच सापडतो. एकमेकांपासून हजारो मैल लांब असलेल्या वैद्यांनी एकच चेहरा पाहिला आणि एकाच गुन्हेगाराकडे बोट दाखवलं.

ज्याच्यावर हे ओढवतं त्याला पहिली खूण बहुधा मोरीत पटते. चूळ भरावी तर पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतं. तोंड धुताना साबण डोळ्यात जातो, कारण पापणी मिटलेलीच नसते. आरशात पाहावं तर कपाळाची एक बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट, भुवई वर जायला तयार नाही आणि हसू भलत्याच बाजूला पळतंय. आदल्या दिवशी कानामागे ठणका लागलेला असतो, त्याचा अर्थ आता लागतो. काहींची जिभेची चव अर्धी जाते, काहींना त्या बाजूच्या कानात भांड्याचा आवाजही सहन होत नाही. घरातलं कुणीतरी 'लकवा' म्हणतं आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

बहुतेक वेळा हा मेंदूतला झटका नसतो. कवटीतून निघणाऱ्या सातव्या मज्जातंतूचं हे दुखणं असतं. स्कॉटलंडचे शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी १८२१ साली या मज्जातंतूचं काम उलगडून दाखवलं, म्हणून या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा हा तंतू कानामागच्या हाडातल्या एका वळणावळणाच्या नळीतून बाहेर येतो. ही नळी तिच्या सगळ्यांत अरुंद जागी एक मिलिमीटरसुद्धा रुंद नाही. तंतूला सूज आली तर फुगायला जागाच नसते, तो तिथल्या तिथे चेपला जातो. सूज का येते यावर अजून वाद आहेत. ओठावर जर उठवणारा हर्पिसचा विषाणू वर्षानुवर्षं तंतूच्या गाठीत दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती ढळली की जागा होतो, हे आज बऱ्याच डॉक्टरांना पटणारं उत्तर आहे. दर वर्षी लाखात साधारण २० ते ३० लोकांना हा आजार होतो. मधुमेही माणसं आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या स्त्रिया यांना त्याचा धोका जास्त.

दक्षिण कोरियात अशा माणसासमोर दोन दरवाजे असतात, आणि दोन्ही सरकारमान्य. एक न्यूरॉलॉजी किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा. दुसरा हानुइसाचा, म्हणजे कोरियन वैद्यकाच्या डॉक्टरांचा. हे हानुइसा म्हणजे गल्लीबोळात सुया टोचणारे हौशी लोक नव्हेत. सहा वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, राष्ट्रीय परवाना परीक्षा, हवं तर पुढे तज्ज्ञ होण्यासाठी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम, असा त्यांचा रस्ता असतो. देशात अशी १२ महाविद्यालयं आहेत. सोलच्या क्युंगही विद्यापीठाचं त्यांत सगळ्यांत नामांकित. होएगीदोंग भागात या विद्यापीठाचं आधुनिक रुग्णालय आणि कोरियन वैद्यकाचं रुग्णालय एकाच आवारात आहेत. ज्याचं तोंड फिरलं आहे तो सकाळी एका इमारतीत आणि दुपारी दुसऱ्या इमारतीत जाऊ शकतो, आणि पुष्कळ जण तसंच करतात.

ही प्रतिष्ठा त्यांना सहज मिळालेली नाही. जपानी राजवटीत, १९१० नंतर, परंपरागत वैद्यांना डॉक्टरांच्या खालच्या पायरीवर ढकललं गेलं होतं. स्वातंत्र्यानंतर ही विद्या मोडीत निघते की काय, अशी वेळ आली. १९५१ साली कोरियन युद्ध पेटलेलं होतं, सरकार सोल सोडून बुसानला आलेलं होतं. त्या धामधुमीत राष्ट्रीय वैद्यकीय कायदा संमत झाला आणि परंपरागत वैद्याला डॉक्टराच्या बरोबरीचा परवाना मिळाला. १९८७ पासून सुया, मॉक्सा म्हणजे वाळवलेल्या दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा शेक, आणि कपिंग हे सगळं राष्ट्रीय आरोग्य विम्यात आलं. सुयांसाठी क्लिनिकमध्ये गेलेल्या रुग्णाला बिलाचा साधारण तिसरा हिस्सा भरावा लागतो. म्हणून हे उपचार तिथे चैनीची किंवा शेवटच्या आशेची गोष्ट राहिलेले नाहीत. रिक्षावाल्यालाही परवडेल असा तो रोजचा दवाखाना आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक ग्रंथ आहे. राजा सोंजो याने १५९६ साली राजवैद्य हो जून याला एक सर्वसमावेशक वैद्यकग्रंथ रचायला सांगितलं. पुढच्याच वर्षी जपानी सैन्य पुन्हा चालून आलं आणि काम मागे पडलं. १६०८ मध्ये राजा वारला. राजाचा जीव वाचवू शकला नाही म्हणून हो जूनला हद्दपारी सोसावी लागली. तरी त्याने लेखन सोडलं नाही. १६१० मध्ये ग्रंथ पुरा झाला, १६१३ मध्ये छापला गेला. तो २५ खंडांचा 'दोंगुइ बोगाम'. २००९ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिसंचितात त्याची नोंद केली. दुर्मीळ, महागडी चिनी औषधं गरिबाला मिळत नाहीत, म्हणून आपल्या मातीत उगवणाऱ्या वनस्पतींची नावं लोकांच्या बोलीत द्यायची, ही त्या ग्रंथामागची काळजी मला फार मोलाची वाटते. हो जूनच्या आयुष्यावर १९९९-२००० मध्ये आलेली दूरचित्रवाणी मालिका कोरियात घराघरांत पाहिली गेली. तिच्या प्रेक्षकसंख्येने ६० टक्क्यांचा आकडा ओलांडला होता. राजाच्या लाडक्या राणीच्या भावाचं वाकडं झालेलं तोंड हो जून सरळ करतो, हा त्यातला लोकांच्या लक्षात राहिलेला प्रसंग. तोंड फिरलं की हानुइसाकडे जायचं, हे मनात ठसायला अशा कथांचा हातभार लागलाच असणार.

आता या दवाखान्यात नेमकं काय घडतं ते पाहू. हानुइसा नाडी पाहतात, जीभ पाहतात, झोप कशी, पोट कसं, हातपाय गार पडतात का, हे विचारतात. पण त्याआधी एक साधी गोष्ट करायला सांगतात: कपाळाला आठ्या घाला. कपाळाची ती बाजूही हलत नसेल तर दुखणं मज्जातंतूचं. तोंड वाकडं झालंय पण आठ्या दोन्ही बाजूंना नीट पडतायत, तर मेंदूत काही घडलं असण्याची शंका, आणि रुग्णाची रवानगी तातडीने मोठ्या रुग्णालयात. कानात किंवा कानाभोवती फोड आहेत का, हेही बघतात. तसे असतील तर तो रॅम्से हंट सिंड्रोम, नागिणीच्या विषाणूचा प्रताप. तो जास्त चिवट असतो.

मग रुग्ण गरम केलेल्या पलंगावर आडवा होतो. वर तांबडा दिवा, चेहऱ्याला ऊब देणारा. केसापेक्षा किंचित जाड, एकदाच वापरायच्या सुया प्लास्टिकच्या नळीतून येतात. नळीच्या टोकावर बोटाची एक टिचकी, आणि सुई कातडीत. ओठाच्या कोपऱ्याशी जिचांग नावाचा बिंदू, जबड्याच्या कोनाजवळ ह्योपगो. एका बिंदूतून आत शिरलेली सुई कातडीखालून जवळजवळ आडवी दुसऱ्या बिंदूच्या दिशेने सरकवली जाते. भुवईच्या वर यांगबेक, कानाच्या पाळीमागे येपुंग. तंतू कवटीतून बाहेर पडतो ती जागा येपुंगच्या जवळच आहे, हे शरीरशास्त्र शिकलेला हानुइसा आवर्जून सांगेल. शेवटची सुई अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात, हापगोकमध्ये. चेहऱ्याच्या दुखण्याला हाताची सुई का, याचं जुन्या ग्रंथातलं उत्तर असं की, तो बिंदू ज्या वाहिनीवर आहे ती वर चेहऱ्यापर्यंत जाते. साधारण पंधरा-वीस मिनिटं रुग्ण तसाच पडून राहतो. सुया काढल्यावर चेहऱ्याचा व्यायाम आणि मालिश. पहिल्या आठवड्यात हे दर दिवशी किंवा दिवसाआड चालतं.

आणि एक गोष्ट ते स्पष्ट सांगतात, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: उपचार सुरू झाले तरी पहिले काही दिवस तोंड आणखी वाकडं होईल, घाबरू नका. सूज वाढण्याचे ते दिवसच असतात. हे आधी न सांगितल्यामुळे आपल्याकडे किती रुग्ण तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतात, चौथ्या दिवशी बाबा गाठतात.

सोबत काढा असतो. पूर्व सोलमधल्या जेगीदोंगच्या औषधी बाजारात गेलं तर तो कशापासून बनतो ते समोर मांडलेलं दिसतं. ज्येष्ठमधाच्या काड्या, तांग्वीची मुळं, जिन्सेंगच्या जुड्या, पोत्यांच्या रांगाच रांगा, आणि हवेत मातकट गोडसर वास. चेहऱ्याच्या लकव्याच्या जुन्या पाठांत बुरशी लागून मेलेले रेशमाचे किडे आणि वाळवलेले विंचू हेही असतात. घरी मातीच्या भांड्यात काढा उकळण्याचे दिवस आता गेले. तो दवाखान्यातच तयार होतो आणि एका वेळचा घोट मावेल अशा पाकिटांत बंद होऊन खोक्यातून घरी येतो.

याच काढ्यावरून देशात मोठा वाद पेटला. सुया विम्यात होत्या, काढे नव्हते. ते महाग, संपूर्ण खर्च रुग्णाच्या खिशातून. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने प्रायोगिक योजना आणली: मासिक पाळीतल्या वेदना, वृद्धांमध्ये झटक्यानंतर मागे राहणारे परिणाम आणि चेहऱ्याचा लकवा या तीनच विकारांसाठी काढ्याचा अर्धा खर्च विमा देणार, वर्षातून १० दिवसांपुरता. सगळ्या विकारांतून चेहऱ्याचा लकवा पहिल्या तिघांत निवडला गेला, यावरून कोरियन वैद्यकात त्याचं स्थान काय आहे ते कळतं. पण त्याआधी ऑगस्टमध्ये आधुनिक डॉक्टरांनी संप केला होता, तोही करोनाच्या ऐन लाटेत. सरकारच्या ज्या चार धोरणांविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, त्यांतलं एक हेच होतं. काढ्यांची परिणामकारकता आणि सुरक्षितता कसोटीवर उतरलेली नाही, मग लोकांचा विम्याचा पैसा त्यावर का घालायचा, हा त्यांचा सवाल. ४ सप्टेंबरला समझोता झाला, संप मिटला, तरी योजना सुरू झालीच. २०२४ मध्ये ती आणखी विकारांना आणि रुग्णालयांना लागू झाली, दिवसही वाढले.

डॉक्टरांचा सवाल मात्र रास्त आहे आणि तो टाळून हा लेख पुढे नेणं मला पटत नाही.

कारण या आजाराचा एक मोठा चकवा आहे. डेन्मार्कचे एरिक पीटरसेन यांनी वर्षानुवर्षं कोपनहेगनमधल्या रुग्णांची नोंद ठेवली. त्यांतल्या बेल्स पाल्सीच्या १,७०१ रुग्णांना कोणतंही औषध दिलं नव्हतं. २००२ साली त्यांनी निष्कर्ष छापले: ७१ टक्के लोक पूर्ण बरे झाले, आपले आपण. ८५ टक्क्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत थोडीतरी हालचाल परतली होती. म्हणजे दहा रुग्णांपैकी सात जणांना सुई टोचा, पाला बांधा, अंगारा लावा किंवा काहीच करू नका, ते बरे होणार. मग ज्याच्याकडे ते गेले असतील, त्याचा जयजयकार होणार. जगातल्या प्रत्येक गावात वाकडं तोंड सरळ करणारा एक नामांकित माणूस असतो, त्याचं कारण हे आहे. त्या माणसाच्या मनात लबाडी असेलच असं नाही. तोही आपल्या डोळ्यांनी रुग्ण बरे होताना बघत असतो.

म्हणून या आजारात तुलनेशिवाय काहीच सिद्ध होत नाही. स्टेरॉइडच्या बाबतीत ती तुलना झाली. स्कॉटलंडमधल्या रुग्णांवरचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू करून दहा दिवस दिलं, तर नऊ महिन्यांनी ९४.४ टक्के रुग्ण पूर्ण बरे होते. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात ८१.६ टक्के. विषाणूविरोधी गोळीने त्यात भर घातली नाही. सुयांच्या बाबतीत इतकं ठाम उत्तर अजून नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्या, ५३७ रुग्ण तपासले गेले, आणि चाचण्यांचा दर्जाच असा नव्हता की निष्कर्ष काढावा. २०१३ मध्ये चीनमधून एक मोठी चाचणी आली. ११ रुग्णालयांतले ३३८ रुग्ण, सगळ्यांना स्टेरॉइड, सगळ्यांना सुया, पण निम्म्यांच्या सुया जोरकसपणे फिरवल्या. त्यांचे चेहरे सहा महिन्यांनी जास्त चांगले होते. सुया न टोचलेला गट मात्र त्यात नव्हता. कोरियात २०१५ मध्ये जुनाट, मागे राहिलेल्या वाकडेपणावर आठ आठवडे सुयांचा प्रयोग झाला. फायदा दिसला, पण रुग्ण अवघे ३९.

कोरियाच्या व्यवस्थेतली खरी फट इथेच आहे. हानुइसाला स्टेरॉइड लिहून देण्याचा अधिकार नाही. जो रुग्ण थेट त्याच्याकडे गेला आणि तिथेच थांबला, त्याचे ते ७२ तास हातचे गेले. चांगला हानुइसा त्याला त्याच दिवशी शेजारच्या डॉक्टरांकडे पाठवतो. पण दोन्ही पेशांमधलं वैर जुनं आहे. हानुइसाने सोनोग्राफी यंत्र वापरावं की नाही हा वादसुद्धा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये निकाल हानुइसाच्या बाजूने लागला. अशा वातावरणात रुग्णाला दोघांच्या मध्ये सुखरूप पोचवणं हे प्रत्येक डॉक्टराच्या सदसद्विवेकावर राहतं.

हे मी तळमळीने लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या मावशीचं तोंड असंच फिरलं होतं. पहिला पंधरवडा कानाला पाला बांधणाऱ्याकडे गेला. तोंडाचं पुढे बरंच सावरलं, पण डोळ्याकडे कुणी पाहिलंच नाही. रात्रंदिवस उघडा राहिलेला डोळा कोरडा पडला, बुबुळावर जखम झाली, फूल पडलं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर एक चिकटपट्टी, इतकं केलं असतं तर तो डोळा वाचला असता. नंतर मावशी हसायची तेव्हा तोंडावर पदर धरायची. 'राहू दे रे, जीव वाचला ना,' म्हणायची.

ज्यांचं तोंड आपोआप सरळ होत नाही, त्या उरलेल्यांसाठी कोरियाने जे उभं केलंय ते मात्र आपण शिकण्यासारखं आहे. जखमी तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. पुष्कळदा वाट चुकतो. ओठाकडे जायची शाखा पापणीला जाऊन मिळते, आणि मग माणूस हसला की डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातून पाणी गळतं. अशा रुग्णाला आपल्याकडे बहुधा 'आता यात काही होणार नाही' असं सांगून घरी पाठवतात. कोरियात याच टप्प्यावर महिनोन्‌महिने काम चालतं. सुया, शेक, आरशासमोरचे व्यायाम, कधी कातडीखाली विरघळणारा बारीक धागा बसवणं. ठरावीक मुदतीने चेहऱ्याचे फोटो काढून १ ते ६ अशा श्रेणीत मोजणीही होते. यातल्या सुईचा वाटा किती आणि नुसत्या नियमित भेटीचा, धीराचा, व्यायामाचा किती, हे वेगळं काढता आलेलं नाही. पण चेहरा बिघडलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा कुणीतरी नीट पाहतं, त्याच्याशी बोलतं, त्याचं बिल विमा भरतो, ही लहान गोष्ट नाही. वाकडा चेहरा घेऊन कचेरीत, लग्नात, शाळेच्या फाटकावर उभं राहणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तिथलं सगळंच उचलण्यासारखं आहे असं नाही. मधमाशीचं विष टोचण्याचा उपचार तिथे चालतो. त्याची तीव्र ॲलर्जी जीव घेऊ शकते. २०१८ मध्ये कंबरदुखीसाठी तो घेतलेल्या एका स्त्रीचा मृत्यू झाला. वाळवलेल्या विंचवाचे काढे गरोदर बाईने किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने घेऊ नयेत, हेही उघड आहे.

सुईशी महाराष्ट्राचं नातंही नवं नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथेच १९४२ साली गेले. त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कोलकात्यात आणलं. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, परिषद नेमली. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. तेव्हा सुई कुणाकडून टोचून घेताय त्याची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

तुमच्या घरात कुणाचं तोंड फिरलं, तर आधी कपाळाला आठ्या घालायला सांगा. आठ्या दोन्ही बाजूंना पडत असतील, हातपाय लुळे पडले असतील किंवा बोलणं अडखळत असेल, तर एक मिनिटही न दवडता मोठं रुग्णालय गाठा. तसं काही नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण स्टेरॉइडचा फायदा होतो तो पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर. मधुमेह असेल तर तसं सांगा, साखर वाढते, ती तपासत राहावी लागते. त्या रात्रीपासून डोळ्याला मलम आणि पट्टी. त्यानंतर वैद्याकडे नस्य घ्या, नोंदणीकृत ॲक्युपंक्चरिस्टकडे सुया घ्या, शेक घ्या, आरशासमोर व्यायाम करा, कुणाची हरकत नाही. फक्त हा क्रम उलटा करू नका.